तलवार घ्यायची? आधी वही घ्या

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईत आली आणि आमच्या कॉलेजात एकदम शस्त्रांचा विषय निघाला. महाराष्ट्र सरकारने ती लिलावात सुमारे ४७ लाख रुपये मोजून घेतली, हे वाचून बी.ए.ची दोन मुले माझ्याकडे आली. ''मॅडम, आम्हालाही जुन्या तलवारी जमवायच्यात. सुरुवात कुठून करायची?'' मी इतिहास शिकवते आणि गेली बारा वर्षे हा नाद मलाही आहे. बाईमाणसाला हा कसला नाद, हे माहेरी मराठीत आणि सासरी कन्नडमध्ये पुरेसे ऐकून झाले आहे! मुलांना जे सांगितले, तेच जरा सविस्तर इथे लिहिते.

पहिला धडा त्या रघूजींच्या तलवारीतच आहे. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेले. अशा पात्याच्या तलवारीला आपल्याकडे 'फिरंग' म्हणत. मूठ मात्र आपल्या वळणाची आणि पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत रघूजींचे नाव. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून अशी पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यांना इथल्या मुठी बसवत. मराठ्यांनीही ती वापरली, आदिलशाही सरदारांनीही वापरली. तेव्हा जुनी तलवार हाती आली की 'ही कुणाची, मराठ्यांची की कानडी मुलखाची?' असा प्रश्न घाईने विचारू नये. मूठ एका गावची, पाते दुसऱ्या देशाचे, हे नेहमीचेच आहे.

आपल्या घरातल्या दोन भाषा इथे कामाला येतात. पोलाद हा शब्द आपण फारसीतून घेतला. कन्नडमध्ये त्याला 'उक्कु' म्हणतात. दक्षिणेत मुशीत वितळवून केलेल्या पोलादाला इंग्रज 'वूट्झ' म्हणू लागले, तो शब्द या उक्कुवरूनच आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला गेला आणि पुढे मायकेल फॅरडेनेही त्यावर प्रयोग केले. चांगल्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. ती वरून काढलेली नसते, पोलादाच्या पोटातूनच आलेली असते. तिला जौहर म्हणतात. दुसरा शब्द 'कत्ती'. सासूबाई कत्ती म्हणतात तेव्हा तलवार समजायची. माझी आई म्हणते तेव्हा झाडेझुडपे छाटायचे हत्यार!

कायदाही हा भेद करतो. शस्त्र नियमांप्रमाणे तलवारी, खंजीर, भाले आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे ही शस्त्रे ठरतात. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे विळा-कोयत्याला कुणी विचारत नाही, तलवारीला विचारतात. म्हणून काहीही विकत घेण्याआधी आपल्या भागात परवान्याचा काय नियम लागू आहे, ते पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कचेरीत विचारून घ्यावे. शिवाय शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना हवा आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पावती न देणाऱ्या विक्रेत्याला लांबूनच नमस्कार करावा.

खर्च करण्याआधी वर्षभर नुसते पाहावे. विजापूरला गोलघुमटासमोरच्या संग्रहालयात, कोल्हापूरला नव्या राजवाड्यात, पुण्याला केळकर संग्रहालयात आणि जमल्यास हैदराबादला सालारजंगमध्ये जावे. काचेपुढे उभे राहून तलवारींची चित्रे काढावीत. पाते वाकडे की सरळ? धार एका बाजूला की दोन्ही? मुठीच्या टोकाला वाटोळी चकती आहे का? बोटांच्या रक्षणासाठी वळवलेली पट्टी, म्हणजे परज, आहे का? तलवार 'परजणे' हे क्रियापद आपण सहज वापरतो, पण परज कुठे असते ते कितीजणांना दाखवता येईल? पुस्तकांत एगर्टनचे १८८० चे भारतीय शस्त्रांवरील पुस्तक आणि जी. एन. पंत यांचे खंड ग्रंथालयात मिळाले तर सोडू नयेत.

नजर बसली की खोटेपणा ओळखू येतो. राजस्थानात कोफ्तगिरीच्या, म्हणजे लोखंडावर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेल्या, सुंदर नव्या तलवारी आजही बनतात. ती कारागिरी अस्सलच आहे. पण नवी वस्तू तेजाबाने गंजवून 'पेशवाईतली' म्हणून खपवणारेही आहेत. खऱ्या मुठीच्या कडा शेकडो वेळा हाती धरल्याने गुळगुळीत होतात. खोट्या मुठीच्या आतल्या कडा बोटाला टोचतात. खोटा गंज सगळीकडे सारखा असतो, खरा कुठे जास्त, कुठे कमी. आमच्या पगारात अख्खी तलवार बसत नाही. माझ्याकडे पात्याविना एक मूठ आहे आणि ढालीवरची दोन पितळी फुले आहेत. पण त्या मुठीने मला पुष्कळ शिकवले. पाते मुठीत राळेसारख्या मिश्रणाने कसे बसवत, ते तिच्या पोकळीत अजून दिसते.

आता मुख्य गोष्ट. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांची लावणी आपल्या मुलांनी शाळेच्या कन्नड पुस्तकात वाचली असेल. १८५७ मध्ये घरातली हत्यारे जमा करण्याचा हुकूम निघाला, तो बेडरांनी मानला नाही. गावावर फौज आली आणि पुढे कित्येकांना फाशी झाली. तंजावरच्या मराठा राजांच्या शस्त्रागाराची गोष्ट अशीच. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले आणि पुढच्या दशकात तिथली बरीच हत्यारे मोडून धातूच्या भावाने विकली गेली. एवढ्यातून एखाद्या देवघरात तलवार उरली असेल, तर तिच्या मागे कुणाची तरी हिंमत आहे.

बैलहोंगल तालुक्यात माझ्या यजमानांच्या दोड्डप्पांच्या घरी अशी एक होती, लाल फडक्यात बांधलेली. गावोगाव फिरणारा एक व्यापारी तिचे आठ हजार द्यायला तयार होता आणि घराचे छप्पर तर गळत होते. दोड्डप्पा म्हणाले, ''यव्वा, बाहेरच्याला देण्यापेक्षा तूच ने. तुला त्यातलं कळतं.'' मोह झाला नाही असे कसे म्हणू? पात्यावर दातेरी चंद्रकोरींचे दोन ठसे होते, युरोपातल्या पात्यांवर असतात आणि आपल्याकडचे लोहारही ज्यांची नक्कल करत, तसे. पण माझ्या कपाटात ती नुसती एक जुनी तलवार झाली असती. मी वही काढली. लांबी, रुंदी, वजन लिहिले, ठशांचे फोटो काढले आणि मग ते सांगतील ते उतरवले. जप्तीच्या काळात त्यांच्या पणजोबांनी ती विहिरीच्या कपारीत लपवली होती म्हणे. त्यापुढे मी 'घरची आठवण, कागद नाही' असा शेरा लिहिला. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला आलेल्या वाघनखांबद्दल, ती शिवाजी महाराजांचीच असल्याचा पुरावा नाही, असे ते संग्रहालय स्वतः सांगते. मग आपणही ऐकीव ते ऐकीव म्हणूनच लिहावे.

छपराला दोघा पुतण्यांनी मिळून पैसे दिले. नातवाने तालुक्याला जाऊन परवान्याची चौकशी केली. तलवार तिथेच राहिली. पुढच्याच वर्षी दोड्डप्पा गेले. विहिरीची हकीगत आज त्या वहीच्या चार पानांतच आहे. ती पाने कन्नडमध्ये आहेत, कारण ते कन्नडमध्ये बोलले. नातू उद्या काय करील, ते मी सांगू शकत नाही. पण ती विकली गेलीच, तरी कुठली, कुणाची, हे तिच्याबरोबर जाईल.

येत्या खंडेनवमीला, आपल्या अर्ध्या घरांत जिला आयुधपूजा म्हणतात, तुमच्या देवघरातले हत्यार बाहेर निघेल. हळदकुंकू जरूर वाहा, पण ओले पात्यावर ठेवू नका. संध्याकाळी मऊ कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि बोटांचा घाम पात्याला लागू देऊ नका. चिंच, लिंबू, राख, पॉलिशपेपर, ग्राइंडर यांपैकी काहीही नको. जौहर आणि ठसे एकदा घासले गेले की परत येत नाहीत. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी वही घेऊन बसा आणि ते ज्या भाषेत बोलतील त्या भाषेत लिहून घ्या.