खारा पत्रा

मुंबईतल्या कांजूर गावाकडे जाणाऱ्या गल्लीत एक टाटामोबाइल उभी आहे. उभी कसली, बसलेलीच. पुढची दोन्ही चाकं हवा जाऊन जमिनीला चिकटलीत, हौद्यात कुणीतरी कुंड्या मांडल्यात आणि त्यातल्या एकीत तुळस चांगली तरारली आहे. कित्येक वर्षं तिच्या बाजूनं जातोय. नीट पाहिली ती परवा, तिचं विलायतेतलं नाव कळल्यावर.

टेल्कोनं ही पिकअप १९८८ साली पुण्यात काढली. सिएरा आणि इस्टेट तिच्याच सांगाड्यावरच्या. नव्वदीत ती ब्रिटनला गेली, तिथे ‘लोडबीटा’ झाली. स्टिअरिंग सरकवावं लागलं नाही. रस्त्याच्या डाव्या अंगानं चालायचं हे मुळात त्यांचंच. आता तिकडे लोडबीटा दिसणं म्हणजे नान्नजच्या माळावर माळढोक दिसणं. एक बरं, तिथे मोजदाद असते. कुठल्या मॉडेलच्या किती गाड्या रस्त्यावर उरल्या, किती मालकांनी घरी उभ्या करून ठेवल्या, हे स्वान्सीच्या सरकारी दप्तरात सापडतं. मागची पाटी तिथे खासगी गाडीलाही पिवळीच. आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे राबणारी गाडी, आणि राबणाऱ्याचा हिशेब कोण ठेवतो? भंगारवाला, तोही किलोत.

तिकडच्या जुन्या गाड्यांना मीठ खातं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरतात. चाकांनी उडवलेलं ते खारं पाणी चेसिसच्या सांध्यांत जाऊन बसतं. दर वर्षीच्या तपासणीत खालचा पत्रा कुजलेला निघाला, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो.

आमच्याकडे मीठ पसरावं लागत नाही. द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरं आहेत. भरतीचं पाणी आत घ्यायचं, या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरवत उन्हात आटवायचं. पाणी उडून जातं, मीठ राहतं, आणि वारा सुटला की खाडीचा खारेपणा गल्लीपर्यंत येतो. खिडक्यांचे गज, सायकलींच्या साखळ्या, सगळ्यांना त्याची ओळख आहे.

दाराखालच्या पट्टीला बोट लावलं, तर पत्र्याचा पापुद्रा खारी बिस्किटासारखा सुटून हातात आला. पाटीवरचं ‘एमएच ०३’ तेवढं वाचता येत होतं. पुढचे आकडे वाचायला वाकलो, तेवढ्यात समोरच्या दारातून हाक आली, “अहो, गाडी घेताय का? घ्या, पण कुंड्या उतरवून ठेवा हं!”