रेषेच्या वीस पावलं मागे

सिग्नल लाल झालेला आहे. गाड्यांनी पांढऱ्या रेषेपाशी थांबायचं, पण रेषेपाशी कुणीच नाही. तिथून वीस पावलं मागे कडुनिंबाच्या सावलीत पंधरा-वीस दुचाक्या हँडलला हँडल लावून उभ्या आहेत. मधला रस्ता पांढराफटक, मोकळा. एक रिक्षावाला तेवढा उन्हात पडला आहे. त्याच्या डोक्यावर स्वतःचं टप आहे, त्याला काय! फोटो मे 2015 मधला, दुपारी दोन वाजून सहा मिनिटांचा. गाव नागपूर, हे सांगायची गरज नसावी.

माझ्याकडे असे बरेच फोटो आहेत. दर उन्हाळ्यात रोज एक. नियम माझाच आणि साधा : गुढीपाडव्याला सुरुवात, पहिला खरा पाऊस पडला की बंद. खरा म्हणजे वळवाचे चार टपोरे थेंब नव्हेत, गच्चीच्या पन्हाळीतून पाणी धो धो पडलं पाहिजे. आमच्याकडे त्याला जूनचा मध्य उजाडतो, कधी त्याहूनही उशीर. म्हणजे अडीच-तीन महिने मी रोज उन्हात जाऊन काहीतरी टिपत असते आणि ओळखीची माणसं मला टाळत असतात.

उन्हाळ्याचे फोटो घरात आधीही होते. काकाकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, काळा डबा, एका रोलमध्ये बारा फोटो. त्यावर सूर्य आणि ढग अशी चित्रं होती. एप्रिल-मेमध्ये ढगाच्या चित्राला काकाने कधी हात लावल्याचं आठवत नाही. बारा फोटोंत अख्खी सुट्टी बसवायची, त्यामुळे फोटो म्हणजे सोहळा. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा हे काकाने कुठेतरी वाचलेलं. मग आम्ही आत्या-मावशांची पोरं ओळीने उन्हाकडे तोंड करून उभी. सगळ्या फोटोंत सगळ्यांचे डोळे मिचमिचे. पुढच्या पिढीला आमच्या घराण्यात काही खोट होती असं वाटलं तर नवल नाही.

पण तो उन्हाळा त्या बारांत कुठेच नाही. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, पहिल्या बादलीला स्लॅब चर्र वाजायचा आणि तापल्या सिमेंटची वाफ नाकात जायची. मग गाद्या पसरायच्या, कोपऱ्यात माठ, बाबांच्या उशाशी रेडिओ. दिवसा त्याच गच्चीवर आजीच्या कुरडया आणि सरगुंडे वाळायचे आणि कावळे हाकलायची पाळी माझी असायची. कुरडयांवर कोण फोटो खर्च करणार? बारांतला एक गेला असता.

नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून मी कोडॅकचा केबी टेन घेतला. छत्तीस फोटोंची श्रीमंती. एका मे महिन्यात मी सीताबर्डी, इतवारी, गांधीबाग असं हिंडत अख्खा रोल संपवला : बर्फाच्या लादीवरचा लाकडाचा भुसा, हातगाडीवर कापलेली टरबुजं, दुपारी अर्ध्यावर ओढलेलं शटर आणि त्याखाली झोपलेल्या दुकानदाराची पावलं. रोल काढला, स्कूटरच्या डिक्कीत टाकला आणि विसरले. स्कूटर आठवडाभर ऑफिसच्या पत्र्याखाली तापत उभी. धुऊन आलेले फोटो बघून मी आधी स्टुडिओवाल्याशी भांडले, मग गप्प बसले. त्याची काही चूक नव्हती. सगळ्या फोटोंवर लालसर झाक, काळ्याचा करडा झालेला, बर्फाची लादी गुलाबी. तेव्हा हळहळले. आज ते पाकीट मी सगळ्यात जपून ठेवते, कारण ऊन खरोखर आत शिरलेलं आहे असे माझ्याकडे तेवढेच फोटो आहेत.

ऊन फोटोत येतच नाही, ही अडचण मला रोज फोटो काढू लागल्यावर कळली. 2013 च्या मेमध्ये पारा 47 च्या पुढे गेला होता, त्या आठवड्यात चिडून मी हातातल्या फोनने सुरुवात केली. म्हटलं, दाखवू तरी लोकांना. पुण्याच्या बहिणीला फोटो पाठवले. ती म्हणाली, ‘किती छान निळं आकाश गं!’ बरोबरच होतं तिचं. फोटोत 47 आणि 27 सारखेच दिसतात. चेहऱ्याला लागणारी झाव दिसत नाही, तापलेल्या सीटवर बसतानाची ती अर्ध्या सेकंदाची उडी दिसत नाही. मग हळूहळू मी उन्हाचे फोटो काढणं सोडलं आणि माणसं कुठे सरकतात ते टिपायला लागले. पानठेल्याच्या ताडपत्रीची सावली सकाळी फुटपाथवर असते आणि दुपारी ठेल्याखाली जाते. गिऱ्हाईक तिच्याबरोबर सरकत जातं आणि कुत्रं सगळ्यांच्या आधी पोचलेलं असतं. प्याऊवरचे रांजण लाल ओल्या फडक्यात गुंडाळलेले. (पाणपोई आम्ही लिहितो, बोलताना प्याऊच म्हणतो.) तिथे पाणी देणारी म्हातारी लांब दांड्याच्या ओगराळ्याने ओंजळीत धार सोडते. पिणारा वाकलेला, कोपरावरून पाणी ओघळतंय, डोळे मिटलेले. हा फोटो मी निदान तीस वेळा काढला असेल आणि अजून मनासारखा आलेला नाही.

कूलरचंही तेच. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमचा कूलर गच्चीवरून खाली येतो. जुन्या ताट्या उचकटल्या की गेल्या सालचा क्षार पांढऱ्या पापुद्र्यांनी गळतो, टाकीच्या तळाशी गाळ आणि एक मेलेली पाल ठरलेली. पंप घासायचा, पंख्याला तेल द्यायचं, नव्या ताट्या बसवून तारेने आवळायच्या, बोटं सोलून घ्यायची. मग पाणी सोडून बटण दाबलं की पहिली पाच मिनिटं जो वास येतो, ओल्या लाकडाचा, आणि वाळ्याची ताटी असली तर वाळ्याचा, त्यासाठी मी मार्चपासून जीव धरून असते. फोटोत काय येतं? एक पत्र्याचा डबा.

वर्धा रोडला माझा एक ठरलेला रसवंतीवाला होता. चरकाच्या घुंगरांवरून तो ऊस किती कोरडा ते ओळखायचा. दोन-तीन वर्षं त्याने मला निमूट सोसलं, मग एकदा म्हणाला, ‘मॅडम, रोज तेच तं आहे. तोच चरक, तोच मी. काय काढून राहिल्या?’ मी त्याला न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टनची गोष्ट सांगितली. त्याने 31 मार्च 1979 पासून 25 ऑक्टोबर 1997 पर्यंत, म्हणजे मरणाच्या दिवसापर्यंत, रोज एक पोलरॉइड काढला. टेबल, मित्र, आभाळ, जे असेल ते. रसवंतीवाल्याने ग्लास पुसता पुसता ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘रोल फुकट मिळे काय त्याले?’

याच माणसाचं आणखी एक वाक्य माझ्या वहीत आहे. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान 56 अंश दाखवलं. दुपारभर प्रत्येक फोनमध्ये तोच आकडा फिरत होता. घाबरायच्या जागी सगळे जरा फुशारल्यासारखे दिसत होते, मीही. मग हवामान खात्याने सांगितलं, यंत्र बिघडलंय. रसवंतीवाला म्हणाला, ‘यंत्रालेच ऊन लागलं, बाप्पा.’

एक फसगतही सांगते. इथल्या पोरी उन्हाळ्यात दुपट्टा असा बांधतात की डोळे सोडून काही दिसत नाही, त्यावर गॉगल चढला की डोळेही गेले. शंकरनगर चौकात हिरव्या जाळीखाली थांबलेल्या अशाच एकीचा मी फोटो काढला. जाळीतून गाळलेल्या उजेडात तिचा पांढरा दुपट्टा हिरवट झालेला, फार सुरेख. महिन्याभराने लेक माझे फोटो चाळताना थांबली. ‘आई, ही मी आहे.’ त्या वेळी ती क्लासला असायला हवी होती, तो भाग वेगळा.

नवतपा लागतो 25 मेच्या सुमारास, आणि 26 मेला सूर्य नागपूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो. रमण विज्ञान केंद्रात त्याचं प्रात्यक्षिक असतं. मी ते घरीच करते. आईची उन्हातल्या साखरांब्याची बरणी गच्चीवर असतेच, तोंडाला दादरा बांधलेली. बाराला तिची सावली अजून एका बाजूला चिकटलेली असते, चिंचेच्या पानासारखी बारीक. पाच मिनिटांत ती सुतासारखी होते. बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास ती नसतेच, बरणी कुणीतरी फरशीवर कापून चिकटवल्यासारखी दिसते. एकदा त्या नादात मी चपला विसरले. फोटो हललेला आहे आणि पायाचा फोड आठ दिवस होता. आई म्हणाली, ‘सावली गेली का राहिली ते पाहाले पाय भाजून घेतला का?’ आणि कांद्याचा रस चोळत बसली.

तो कडुनिंब आता नाही. रस्ता रुंद झाला, मधोमध मेट्रोचे खांब आले. गेल्या काही वर्षांत भर दुपारी बरेच सिग्नल बंदच ठेवतात, तरी या चौकात गर्दी तुंबली की थांबावं लागतंच. यंदा एप्रिलमध्ये थांबले तेव्हा पाहिलं, खांबाची सावली रस्त्यावर आडवी पडली होती, दोन-अडीच हात रुंदीची पट्टी, आणि त्या पट्टीत एकामागे एक सात दुचाक्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा. रेषेपाशी कुणी नाही. मी पर्समधून फोन काढला, तो तापून काळा पडलेला, थंड होऊ द्या म्हणत होता. ओळीतला शेवटचा मुलगा हेल्मेटमधूनच ओरडला, ‘काकू, इकडे या ना, जागा आहे.’ त्याने गाडी वीतभर पुढे घेतली. मी माझी आत घातली. मागून लगेच हॉर्न वाजला. त्यालाही सावलीत यायचं होतं.