राजे आळेफाट्यावर

सतार हे वाद्य दिसायला जितके देखणे, तितकेच एस.टी.त बाळगायला गैरसोयीचे. १९७४ साली मी घोडेगावच्या एका शाळेत मास्तर होतो आणि दर रविवारी भोपळा छातीशी कवटाळून जुन्नरला बुवांकडे शिकायला जात असे. शेजारचे उतारू हटकून विचारीत, "आत काय हो?" आत काही नसते, नुसती पोकळी असते, हे सांगताना मी ओशाळत असे. माझ्या वादनाचीही तीच अवस्था होती ना!

तसे मला पुष्कळ येत होते. सतार मिरजेची. (मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आमची सतार मात्र ते आधीपासूनच मिळाल्यासारखी तोऱ्यात असे.) यमनच्या चाळीस ताना तोंडपाठ. मसीतखानी गतीचा मुखडा त्रितालाच्या बाराव्या मात्रेवरून उठतो. म्हणून प्रत्येक तान अकरावीवर संपेल अशी वहीत बेतून ठेवलेली. एका रविवारी बुवांनी ती वही उचलून पानाच्या डब्याखाली सारली आणि म्हणाले, "आता नी, रे, ग. तीनच सूर. तुझ्या मनाने वाजव."

मी नी वाजवला. रे वाजवला. ग वाजवला. मग पुन्हा नी. माझ्या मनात काहीही नव्हते, हे त्या दिवशी मला प्रथम कळले. बुवा मांडीवर ताल धरीत आणि बारावी मात्रा आली की सणसणीत थाप मारीत. मी तेव्हा नवव्या मात्रेवर घुटमळत असे, नाहीतर सम ओलांडून पार पलीकडे गेलेला असे. असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी बुवा म्हणाले, "सतार इथेच ठेव. नारायणगावला जाऊन तमाशा बघ."

बुवांना सांगायला काय जाते! आमच्या घरात तमाशाचे नाव काढायची चोरी. आजोबा हयात, त्यात मी मास्तर. पण नारायणगाव जुन्नरहून अवघे पंधरा किलोमीटर. भाऊ-बापूंचे आणि विठाबाईंचे हे गाव. विठाबाई २००२ साली गेल्या. त्यांच्या नावाने सरकार आता तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. चैत्राच्या उकाड्यात मी तोंडाला मफलर गुंडाळून एका फडाच्या तंबूत जाऊन बसलो.

गण झाला, गौळण झाली, वग सुरू झाला. वग तेव्हा बहुधा लिहिलेला नसे. कथा सांगून ठेवलेली, बोलणे ज्याने त्याने उभ्या जागी रचायचे. त्या रात्री राजाचे काम करणाराच वेळेवर पोचला नव्हता. सोंगाड्या पुढे आला. "राजे निघालेत!" ढोलकीवर थाप पडली. मग म्हणे, ओतूरच्या बाजारात कांद्याचा भाव ऐकून राजांना घेरी आली, पण राजे निघालेत! थाप. मंचरला घोडा बटाट्याच्या वखारीत शिरला तो बाहेर येईना, पण राजे निघालेत! थाप. आळेफाट्यावर तर चार रस्ते पाहून राजे बसलेच मटकन खाली. अशी वीस मिनिटे त्याने काढली. भटकत कुठेही जाई, पण "राजे निघालेत" नेमके ढोलकीच्या त्याच जागेवर येऊन पडे.

मी मफलर सोडला. ही तर माझी बारावी मात्रा! मी महिनाभर चिंता करीत होतो ती जायचे कुठे याची. हा माणूस परत यायची जागा धरून बसला होता, म्हणून त्याला कुठेही जाता येत होते.

त्याच्या मागे एक म्हातारा तुणतुणे घेऊन उभा होता. लाकडी नळकांडे, बुडाला कातडे, बाजूला काठी आणि तार एक. वीस मिनिटे तोच सूर. डोळे मात्र सोंगाड्याच्या पाठीवर. सोंगाड्याचा दम सरला की हा झील ओढी, तेवढ्यात तो श्वास घेई.

खेळ संपल्यावर चहाच्या गाड्यावर मी त्याला गाठले. "बाबा, हे सगळे आधी ठरवता का हो?"

"ठरवलं तर आमचं आम्हालाच हसू येत न्हाई, मास्तर." (मी मास्तर आहे हे त्याने मफलरवरूनच ओळखले असावे.) "परत कुठं यायचं, तेवढं ठावं असतं. तुमच्या वाद्याला तारा किती?"

"अठरा. वर सात, खाली अकरा तरफा."

"मग अडतंय कुठं?"

मी हसलो. म्हटले, "घोडेगावला घरी या एकदा. ऐकवतो."

तोही हसला. "येईन की. पर बसू कुठं?"

आमच्या ओटीवर त्याच्या जातीचा माणूस कधी बसला नव्हता, हे मला ठाऊक होते आणि त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होते. मला उत्तर सुचले नाही. चहा निवत गेला.

आषाढात फड बंद असताना तो आला. आदल्या रात्री घरात काय बोलणे झाले ते इथे लिहीत नाही. आईने ओटीवर सतरंजी घातली आणि घरातल्याच कपबशीतून चहा दिला. आजोबा माजघरातून बाहेर आले नाहीत. पण मी सतार जुळवायला घेतली तेव्हा आतली जपाची कुजबुज थांबली.

मी नी, रे, ग सुरू केले. ठेका त्याला सांगावा लागला नाही. दोन आवर्तनांत त्याने मुखड्याची जागा हेरली आणि गुडघ्यावर बोटे चालू केली. पहिल्यांदा मुखडा सापडला, दुसऱ्यांदाही सापडला. मग गंधारावरून खाली येताना एक नवीच वाट दिसली. वहीतली नव्हती. मी तिच्यात शिरलो, रमलो आणि बारावी मात्रा निघून गेली.

म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली. "राजे आळेफाट्यावरच ऱ्हायले की हो!" म्हणाला, आणि गुडघ्यावरची बोटे तशीच चालू ठेवली.