मामाच्या हाताची काठी

हॉस्टेलच्या खोलीत कुणी काय साठवावं याचा नेम नसतो. कुणाकडे गिटार असते, कुणाकडे कॅरम बोर्ड, कुणाकडे मागच्या चार सेमिस्टरची न उघडलेली पुस्तकं. माझ्या कॉटखाली मात्र गेलं वर्षभर बांबूचे तुकडे, सायकलचे स्पोक, पी.व्ही.सी. पाइप आणि जोडीदार हरवलेल्या हवाई चपला पडलेल्या असायच्या. ‘मेकॅनिकलला आहेस की बुरुडाकडे कामाला लागलास?’ असं विंगमधली पोरं विचारायची. मी मासे धरायची काठी बनवतोय असं सांगितलं की सगळे हसायचे. ‘अबे, बाजारात रेडिमेड भेटते ना!’

भेटते की. दोन-तीन फूट कमी-जास्त लांबीच्या, घडीच्या, बिनघडीच्या, हव्या तशा भेटतात. लांबी किती आणि किती वजनाची दोरी चालेल हे काठीवर छापलेलंही असतं. पण काठी धरणारा हात कसा आहे, हे दुकानात कुणी विचारत नाही. दोन हात, दहा बोटं हे गृहीतच असतं.

माझ्या मामाच्या उजव्या हाताला आता फक्त अंगठा आहे.

मामाचं गाव पुसद तालुक्यात, पूस नदीच्या काठाला. ही नदी पुढे पैनगंगेला मिळते. मी सातवी-आठवीत होतो तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या मामाबरोबर डोहावरच जायच्या. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, गरी आणि ज्वारीच्या धांड्याचा एक तुकडा पाण्यावर तरंगत ठेवायचा. तुकडा बुडाला की हिसका द्यायचा. मामा कमी बोलणारा माणूस, पण डोहावर बसला की मोकळा व्हायचा. कापसाचा भाव, आजोबांच्या गोष्टी, बैलाची खोड, सगळं तिथंच ऐकलं.

मी फर्स्ट इयरला आलो त्याच वर्षी सोयाबीन काढताना मळणीयंत्रात त्याची चार बोटं गेली. जखम भरली, शेती गडीमाणसांना घेऊन सुरूही झाली. पण मामा नदीवर जायचा बंद झाला. चारचौघांत बसला की उजवा हात दुपट्ट्याखाली. सेकंड इयरच्या दिवाळीत मी म्हटलं, ‘मामा, चला ना डोहावर.’ तर म्हणाला, ‘एका हातानं कोणी गरी टाकते का बाप्पा?’

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून मी मामीचा शिलाईचा टेप घेतला आणि मामाचा हात मोजायला बसलो. कोपरापासून मनगटापर्यंत, मनगटाचा घेर, तळव्याची रुंदी, अंगठा कुठपर्यंत वळतो. मामाला आधी गंमत वाटली. मग तो गंभीर झाला आणि त्यानं एकच अट घातली. ‘बांधाले कोणी लागाले नाई पाह्यजे. नदीवर मले एकट्याले जाता आलं पाह्यजे. नाईतर तुही मामी पट्टा बांधून देईन अन् सारं गाव पाहीन.’

आपण प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ लिहितो. इतकं स्पष्ट प्रॉब्लेम स्टेटमेंट मला अजून कुठल्या प्रोजेक्टमध्ये भेटलेलं नाही.

बांबू मामानंच निवडला. धुऱ्यावरचं मानवेलाचं बेट. ही जात बुंध्याशी जवळपास भरीव असते, म्हणून लाठीला आणि काठीला पहिली पसंती हिचीच. (२०१७ साली वन कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तो गवतच आहे.) कोवळा नको, जरठ नको, तिसऱ्या वर्षाचा हवा, हे मामा वाजवून सांगायचा. तोडायचा तो हिवाळ्यात. तेव्हा त्यात पिष्ट कमी असतं, त्यामुळे पोखरणारे किडे कमी लागतात. मग तीन महिने सावलीत उभा वाळवला. वाकडा भाग मंद आचेवर फिरवून मऊ केला, सरळ केला आणि तसाच धरून थंड होऊ दिला. हे सगळं मामानं डाव्या हातानं केलं, मी फक्त दुसरं टोक धरलं.

याच बांबूबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी वाचनालयात एकटाच हसलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या ईस्टन गावचा सॅम्युअल फिलिपी हा बंदूक बनवणारा कारागीर बांबूच्या चिरफळ्या चिकटवून काठ्या करू लागला. पुढे १८७०च्या दशकात हायरम लिओनार्डनं चिरफळ्या अचूक कापायचं यंत्र केलं आणि सहा चिरफळ्यांची षटकोनी काठी जगभर गेली. त्या काळी या काठ्यांना लागणारा बांबू हिंदुस्थानातून जहाजानं जायचा. त्याला ते ‘कलकत्ता केन’ म्हणत, आणि तो म्हणजे मानवेलच, असं मानलं जातं. नंतर चीनच्या ‘टोंकिन’ बांबूनं त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लास फायबर आलं, १९७०च्या दशकात कार्बन फायबर. म्हणजे आमच्या धुऱ्यावरचं गवत एके काळी साहेबाच्या हातात होतं! तिकडे आजही पुष्कळ लोक हौसेनं घरी काठी बांधतात. नुसती दांडी विकत आणायची आणि मूठ, कड्या, रिळाची बैठक आपल्या हाताच्या मापानं बसवायची. मामा तर त्याच्या आजोबांपासून हेच करत आलाय, फक्त त्याला ‘कस्टम’ म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं.

आता थोडं इंजिनीअरिंग. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, व्हायव्हाला विचारणार नाहीत.)

काठी म्हणजे एका टोकाला धरलेली कॅन्टिलिव्हर बीम. टोकाचं डिफ्लेक्शन ‘पी एल क्यूब बाय थ्री ई आय’. यातला ‘आय’ व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो, म्हणून जाडी निम्मी केली की ताठपणा सोळाव्या हिश्शावर येतो. निसर्गानं बांबू वर निमुळता केला तो आपल्याला फुकटात मिळालेला टेपर. त्यातही मजबूत तंतू बाहेरच्या बाजूला दाट असतात, म्हणून वरची साल तासायची नाही, फक्त पेरं घासायची.

मामाची काठी सात फुटांची ठरवली. तळव्यापासून पुढे १८० सेंटिमीटर, मागचा भाग हाताच्या खालून कोपराकडे. हात पकडू शकत नाही, तर काठी हातालाच बांधायची. तळव्याभोवती एक पट्टा आणि त्याच्या मागे साडेबावीस सेंटिमीटरवर हाताला टेकणारी एक खोबण. आता माशानं टोक एक किलोनं खाली ओढलं, तर काठीचं मागचं टोक हाताला किती जोरानं वर दाबेल? १८० भागिले २२.५, म्हणजे आठ किलो. (किलो हे बलाचं एकक नाही हे मला माहीत आहे सर, पण मामाला न्यूटन कसा सांगू?) आठ किलो एका जागी टोचले तर हात सोलून निघेल. म्हणून पी.व्ही.सी. पाइपचा तुकडा उभा कापला, उकळत्या पाण्यात मऊ करून मामाच्या हाताच्या मापाचा पन्हाळ्यासारखा वळवला आणि आत चपलांचं रबर चिकटवलं. विंगमधल्या एकट्या चपला अशा सार्थकी लागल्या.

दुसरी अडचण रिळाची. नेहमी रीळ काठीखाली लटकतं आणि दोरी बोटानं धरून सोडतात. मामाकडे अंगठा आहे, तो वर. म्हणून रीळ वर बसवलं, दोरी अंगठ्याखाली दाबायची, झोका देताना सोडायची. दांडा दोन्ही बाजूंना बसणारं रीळ मिळतं, तो डाव्या हाताकडे घेतला. पण रीळ आणि कड्या वर आल्या की ताण आल्यावर काठी उलटी फिरू पाहते, आणि ती फिरली की हातही पिरगळला जाणार. यावर घरी काठ्या बांधणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. पहिली कडी वर, पुढची थोडी बाजूला, त्यापुढची आणखी खाली, असं करत शेवटच्या कड्या काठीच्या पोटाशी न्यायच्या. दोरी काठीभोवती अर्धा वळसा घेते आणि काठी शांत राहते. कड्या स्टेनलेस स्पोकच्या वळवल्या, पाय ठोकून चपटे केले, नायलॉनच्या दोऱ्यानं आवळून अॅरल्डाइट लावलं. टोकाच्या कडीत शेगडीच्या वायरीवरचा चिनीमातीचा मणी बसवला, कारण धातूला दोरी घासून चरा पडतो. एस.टी.त सात फूट काठी न्यायची कशी, म्हणून मधे पितळी नळीचा सांधा दिला. तो लेथवर साफ करून देणाऱ्या वर्कशॉपच्या सरांनी आधी दहा प्रश्न विचारले आणि मग स्वतःच अर्धा तास थांबले.

चाचणी हॉस्टेलच्या गॅलरीत झाली. काठी कठड्याला बांधून टोकाला एक लिटर पाण्याची बाटली लटकवली. टोक खाली गेलं आणि आत आलं. आडवं अंतर १८० चं १५० झालं. म्हणजे हातावरचा भार आठ किलोंवरून पावणेसातच्या आत. तेवढ्यात रेक्टर सर आले. मला वाटलं आता काठी जप्त. सर म्हणाले, ‘अजून एक बाटली लाव.’ तीन बाटल्यांपर्यंत ते तिथंच होते.

त्या गॅलरीत मला एक गोष्ट पुस्तकाबाहेर समजली. आपण ताठ म्हणजे मजबूत समजतो. मुळीच न वाकणारी काठी माशाचा प्रत्येक हिसका जशाचा तसा हातावर आणि दोरीवर टाकते. मग दोरी तुटते नाहीतर हात दुखतो. वाकणारी काठी भार स्वतः घेते आणि माणसाला हलकं करते.

मामाची अट राहिली होती. पट्ट्याला वेल्क्रो लावलं, लोखंडी कडीतून ओवून घेतलं. डाव्या हातानं एकदा ओढलं की आवळतं. गरीला कणकेचा गोळा लावायला डब्याच्या झाकणावर कपड्यांचा चिमटा ठोकला, तो गरी धरून ठेवतो. आषाढ-श्रावणात मासे अंडी घालतात, तेव्हा आमच्याकडे काठी माळ्यावर असते. म्हणून खरी परीक्षा थर्ड इयरच्या दिवाळीत झाली. मामानं सात-आठ वेळा पट्टा काढला, परत बांधला. मी हात पुढे केला की डोळ्यानंच थांबवायचा. त्या दिवशी पाऊण किलोची रोहू लागली. पण मला आठवतं ते वेगळंच. काठावर गावातले चार-पाच लोक जमले होते, आणि दुपट्टा झाडावर लटकत होता.

आता मधून मधून मामीचा फोन येतो. ‘सकायपासून गेले हायेत, जेवाले बी आले नाईत. काय काठी करून देल्ली बाबू तू!’ तक्रार करते, पण आवाजावरून कळतं.

तिसऱ्या कडीचा दोरा जरा सैल झालाय, असा मामाचा निरोप आहे. सबमिशन संपलं की जाऊन पुन्हा गुंडाळायचा आहे. जोडीदार हरवलेली चप्पल कुणाकडे असेल तर फेकू नका, माझ्या खोलीत आणून टाका. मामाच्या शेजारच्या गावात अजून एका माणसाचा हात मळणीयंत्रात गेलाय. त्याचं माप घ्यायला मामा स्वतः जाऊन आला, टेप घेऊन.