सांधा फिरला कीं नाहीं?

आमच्या टेंभुर्णीस रेल्वे नाहीं. पुणें-सोलापूर हमरस्ता गांवावरून जातो, उसाच्या गाड्या रात्रंदिवस धांवतात; परंतु आगगाडी पाहावयाची तर कुर्डुवाडीस जावें लागतें. असें असूनही शाळेंतील मुलांस रेल्वेचें जें वेड लागलें आहे तें पाहून पालकमंडळी आम्हांस विचारतात, "सर, प्रयोगशाळेंत हा आगगाडीचा खेळ कशाला?" या प्रश्नाचें उत्तर देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

सहा फूट लांबीच्या फळीवर मुलांनीं एक लहानसें स्टेशन मांडलें आहे. गाड्या खऱ्या गाडीच्या 87 व्या हिश्शाच्या. दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. ही कल्पना त्यांनीं पुण्याहून आणिली. तेथें कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वेंचें संग्रहालय आहे. तें 1998 सालीं सुरू झालें. सहलीहून परततांना बसमध्यें एकच चर्चा चालली होती, कीं गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गेली कशी?

आगगाडीच्या इंजिनास सुकाणू नसतें. चालक वेग कमी-अधिक करूं शकतो. दिशा मात्र रूळ ठरवितात. जेथें एका मार्गाचे दोन होतात तेथें दोन निमुळतीं पातीं असतात. तीं एका बाजूस सरकलीं कीं गाडी सरळ जाते, दुसऱ्या बाजूस सरकलीं कीं वळते. या रचनेस आपल्याकडे सांधा म्हणतात, व तो फिरविणारास सांधेवाला.

पूर्वी अशा लघुरेल्वेंत प्रत्येक सांध्यास निराळी तार व निराळें बटण लागे, आणि फळीखालीं तारांचें जाळें होई. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनींतील लेन्झ कंपनीनें एक नवी पद्धति सिद्ध केली, व 1990 च्या दशकांत अमेरिकेंतील लघुरेल्वेच्या राष्ट्रीय संघटनेनें ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिला डिजिटल कमांड कंट्रोल म्हणतात. तिच्यांत गंमत ही कीं, जी वीज इंजिन चालविते तीच निरोपही नेते. विजेची दिशा 58 मायक्रोसेकंदांनीं पालटली तर तो 1 समजावा. सुमारें 100 मायक्रोसेकंदांनीं पालटली तर 0. अशा अंकांच्या ओळींत पत्ता आणि हुकूम लिहिलेला असतो: "सांधा क्रमांक 3, डावीकडे." प्रत्येक सांध्यास डीकोडर नांवाचें एक लहान यंत्र जोडलेलें असतें. निरोप सर्व डीकोडरांस ऐकूं जातो, परंतु वर्गांत ज्याचें नांव पुकारलें तोच मुलगा उठतो, त्याप्रमाणें ज्याचा पत्ता तोच तो पाळतो. निरोपाच्या शेवटीं पडताळ्याचा एक आंकडाही असतो. तो जमला नाहीं तर डीकोडर निरोप टाकून देतो.

म्हणजे हुकूम नीट ऐकला गेला कीं नाहीं, याची काळजी शास्त्रानें घेतली आहे. तो पाळला गेला कीं नाहीं, याचें उत्तर मात्र या निरोपाबरोबर परत येत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत एका दुपारीं हें मुलांच्या प्रत्ययास आलें. एका मुलानें बटण दाबलें. फळीखालचें विद्युच्चुंबक "टक्" करून वाजलें. पटावर हिरवा दिवा लागला. परंतु खडीच्या जागीं पसरलेल्या वाळूचा एक कण मध्यें अडकल्यामुळें पातें केंसभर अलग राहिलें. इंजिन आलें, त्याचें एक चाक इकडे गेलें, दुसरें तिकडे, आणि तें कलंडलें. चाकांनीं दोन्ही रूळ जोडले जाऊन वीज तुटली. सांध्याचा डीकोडर त्याच रुळांवरून वीज घेत असल्यामुळें तोही मुका झाला. सांधा फिरल्यावांचून अडथळा निघेना, व अडथळा निघाल्यावांचून सांधा फिरेना! मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, मी तर बटण दाबलं होतं. दिवापण हिरवा होता." त्याचें बोलणें अक्षरशः खरें होतें.

आम्हांस तेव्हां आमच्या वडिलांची आठवण झाली. कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी अडीच फुटी लाईन 1897 सालीं सुरू झाली. तिच्यावर ते पुढील काळांत सांधेवाले होते. खटका ओढल्यावर ते कधीं तडक परतत नसत. कंदील खालीं धरून, वांकून, पातें रुळास चिकटलें आहे ना तें पाहत, आणि मगच गाडीस कंदील दाखवीत. आम्हीं लहानपणीं विचारलें, "अण्णा, खटका तर पुरा ओढला, मग बघता कशाला?" ते म्हणाले, "हात हलला म्हंजे पातं हललं असं नसतं, बाळा. जाऊन बघावं लागतं." पगार थोडा, गुडघे दुखरे, परंतु तें वांकणें त्यांनीं अखेरपर्यंत सोडलें नाहीं.

मोठ्या रेल्वेंत हें काम आतां बहुतेक यंत्रें करितात. पातें आणि रूळ यांमध्यें 5 मिलिमीटर जाडीची पट्टी धरून त्यांची परीक्षा घेतात. पट्टी मध्यें असतांना सांध्यास कुलूप लागतां कामा नये, आणि कुलूप लागल्यावांचून सिग्नल हिरवा होतां कामा नये. ही साक्ष खोटी पडली तर काय होतें, तें 2 जून 2023 रोजीं ओडिशांतील बहानगा बाजार स्टेशनावर देशानें पाहिलें. सिग्नल सरळ मार्गाचा मिळाला होता. सांधा बाजूच्या मार्गास लागलेला होता. कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली, आणि त्या अपघातांत 290 हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. सिग्नलच्या जोडणींत पूर्वीं झालेल्या चुकांमुळें हें घडलें, असें चौकशींत निष्पन्न झालें. चालकानें दिव्यावर विश्वास ठेविला. त्याच्यापाशीं दुसरें साधन नव्हतें.

हें सर्व मुलांस सांगितल्यावर त्यांनीं दोन सुधारणा केल्या. सांध्यांच्या डीकोडरांस रुळांपासून निराळी वीज दिली. त्यामुळें गाडी अडली तरी सांधा फिरवितां येतो. शिवाय प्रत्येक पात्यापाशीं एक चिमुकला खटका बसविला. पातें पुरतें टेकलें तरच तो दाबला जातो, व तेव्हांच हिरवा दिवा लागतो. पूर्वीं दिवा बटणाचें ऐकत असे, आतां पात्याचें ऐकतो. ज्याचें इंजिन कलंडलें होतें त्याच मुलानें हे खटके तीन आठवडे खपून बसविले.

पालकमंडळींस आमचें उत्तर तें हेंच. आपण मोठीं माणसें दिवसभर हुकूम सोडीत असतों: अभ्यास कर, दिवा मालव, धाकट्यास सांभाळ. वर्गांत "समजलें ना?" असें विचारलें कीं चाळीस मुलें एका सुरांत "हो" म्हणतात. तो हिरवा दिवाच. पातें टेकलें कीं नाहीं, तें वहीवर वांकल्यावर कळतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें इंजिन चालवील, कोणी दवाखान्यांत औषध देईल, कोणी उजनीच्या धरणाचे दरवाजे उघडील. बटणें सर्वत्र असतील. दाबल्यावर एकदां वांकून पाहत जा. तेवढ्यानें कोणाचें तरी माणूस सुखरूप घरीं पोहोंचेल.