वेळासचा बेत

चलथाणसारख्या साखर कारखान्याच्या गावी राहणाऱ्या आम्हा मंडळींचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालत नाही, ते उसाप्रमाणे चालते. दिवाळीच्या सुमारास गळीत सुरू झाले की चैत्र उजाडेपर्यंत घरच्या कर्त्या माणसाने रजेचे नाव काढू नये. हंगाम संपल्यावर यांना सलग सहा दिवस मिळतात, आणि ते सहाही दिवस आजवर आखाजीचेच असत. ताप्ती खोऱ्याच्या गाडीने बारडोली, नवापूर, नंदुरबार करीत अमळनेर गाठायचे आणि तिथून गावी जायचे. नवापूरच्या फलाटावर अर्धे बाकडे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, त्यावर बसल्यावाचून आमच्या कन्येचा प्रवास पुरा होत नाही.

यंदा तिची दहावीची परीक्षा मार्चमध्येच संपणार होती, आणि तिने आधीपासून एकच हट्ट धरला होता : समुद्रकिनाऱ्यावर कासवाची पिल्ले पाहायची. समुद्र म्हणजे आम्हांला डुमस ठाऊक. काळी वाळू, गढूळ पाणी आणि हातात भज्यांचा कागद! खडकाळ, डोंगराला भिडलेला सागर आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. सासूबाईंनी तर अठ्ठ्याहत्तर वर्षांत तापीपेक्षा मोठे पाणी पाहिले ते डुमसलाच.

रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून पूर्वीपासून प्रसिद्ध. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात तिथल्या वाळूत रात्री येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. पूर्वी ती माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या वाट्याला जात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून संरक्षणाचे काम सुरू केले. आता अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात. वाळू किती तापली यावर त्यातून नर निपजणार की मादी हे ठरते, हे वाचून सासूबाई बराच वेळ हसत होत्या. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून पाहतात आणि निघालेली पिल्ले पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, म्हणजे ती आपल्या पायांनी समुद्राकडे जातात. ती उजेडाच्या रोखाने चालतात, म्हणून तिथे बॅटरी किंवा कॅमेऱ्याचा झोत चालत नाही.

पण बेत जमेना. पिल्ले निघण्याचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. तोपर्यंत शेतात ऊस उभा. शिवाय आखाजीला मामंजींच्या नावाची घागर गावच्या घरात भरायची. खरबूज, सांजोऱ्या, आंबे सगळे तिथल्या ओट्यावरच मांडायचे, यात सासूबाई तसूभर हलायला तयार नव्हत्या. ती एक आखाजी चुकली तर त्या घराला कुलूपच लागेल, अशी त्यांची धास्ती. ती अगदीच खोटी आहे असे मला म्हणवत नाही, कारण गल्लीतली चार घरे अशीच बंद झालेली मी पाहिली आहेत.

शेवटी साहेबांना विचारून यांनी रजेचे दोन तुकडे केले : तीन दिवस सागराला, तीन आखाजीला. रात्रीच्या गाडीने सुरतेहून वसईमार्गे पनवेल, पुढे भाड्याच्या मोटारीने मंडणगडवरून वेळास. राहणे गावकऱ्यांच्या घरीच. म्हणजे पिल्ले दिसण्याच्या संधी चार : दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी. चारही हुकल्या तर पुढच्या वर्षी सासूबाईंचे गुडघे कितपत साथ देतील, हे आम्ही कोणी उघड बोललो नाही.

मधल्या दिवशी बाणकोटची खाडी वेसवीहून जंगल जेटीने ओलांडून हरिहरेश्वर करायचे ठरले, आणि काळभैरवाचे नाव निघताच सासूबाईंचा विरोध निम्मा मावळला. तिथली प्रदक्षिणेची वाट लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाते, भरतीच्या वेळी तिथे पाऊल टाकणे जिवावरचे. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते. आमचा तो दिवस वद्य चतुर्थीचा. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, आणि ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. पहाटे पिल्ले पाहून निघालो तर वेळ नेमकी साधते. हा हिशेब सासूबाईंनी बोटांवर, आमच्या आधी केला. त्या मात्र देवळातच बसणार आहेत.

पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही त्या बाजूला दिसतो. तो समुद्रसाप पकडून नेतो म्हणे. कन्येने त्यासाठी शेजाऱ्यांची दुर्बीण मागून आणली आहे.

वेळासच्या यजमानांना काल फोन केला. कुंपणात अजून काही घरटी शिल्लक आहेत, पण नक्की दिवस वाळूच सांगेल, असे ते म्हणाले. इकडे शेवटच्या उसाच्या गाड्या वजनकाट्यापाशी उभ्या आहेत. सासूबाईंनी प्रवासासाठी दशम्या करायला घेतल्या आहेत, आणि आखाजीची घागर आतापासूनच धुऊन पालथी घातली आहे.