पुस्तकाला पत्ता असतो



एप्रिल आला की पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "बाई, सुट्टीत मुलांना वाचायला काय देऊ?" पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "आणून दिलं तरी वाचत नाही हो!" तेव्हा नुसती यादी देऊन भागत नाही, हे मला वर्गात शिकवताना कळत गेलं. म्हणून आज पुस्तकांची नावं तर सांगतेच, पण प्रत्येक पुस्तकाबरोबर एक जागाही सांगते. पुस्तक वाचायचं आणि जमेल तेव्हा त्या जागी जायचं. कधी आधी जायचं आणि मग वाचायचं.

सुरुवात आपल्या गल्लीपासून करू या. मी फणसवाडीत शिकवते. बालाजीच्या देवळामुळे बाहेरच्या लोकांनाही ही वाडी माहीत असते. पण इथे फणस कुठे आहे, असं मुलांना विचारलं की ती हसतात. मग आम्ही नावं गोळा करायला बसतो. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, जांभूळवाडी. त्यानंतर मुगभाट, बोरभाट, कोलभाट. भाट म्हणजे बागायत, माडांची किंवा फळझाडांची जमीन. एवढं सांगितलं की मुलं आपोआप गप्प होतात, कारण रोज पायाखाली येणारा डांबरी रस्ता एकेकाळी बाग होता हे त्यांच्या डोळ्यांसमोर येतं.

या वेळी मी गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' काढते. हे पुस्तक 1863 सालचं आहे. मुंबईत पहिली आगगाडी धावली 1853 मध्ये, म्हणजे त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी हे छापलं गेलं. मराठी जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, त्यामुळे मुलांच्या हातात सबंध पुस्तक देऊ नका. तुम्ही स्वतः वाचा आणि एखाद्या परिच्छेदातली गोष्ट आपल्या भाषेत सांगा. मग मुलांना घेऊन चालत निघा. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना कोलभाट गल्लीत होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचलेल्या कितीतरी पोथ्या आणि पुस्तकं तिथे छापली गेली. पुस्तक कुठेतरी लांब, मोठ्या लोकांकडे तयार होतं असा मुलांचा समज असतो. आपल्या शाळेपासून दहा-पंधरा मिनिटांवर ते तयार होत होतं हे ऐकल्यावर ती पुस्तकाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

पुढचा पत्ताही गिरगावातलाच, खटाववाडी. मौज प्रकाशनाची. तिथून निघालेलं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' मात्र आपल्याला थेट माणदेशात नेतं. हे पुस्तक मी मुलांसाठी नाही, शिक्षकांसाठी सुचवते आहे. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळेत रुजू होतो. शाळेत पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे आहेत. पोरगं शाळेत बसलं तर मेंढरं कोण राखणार, हा तिथल्या आईबापांचा प्रश्न खोटा नव्हता. मास्तर हळूहळू वाडीचा होतो, पत्रं लिहून देतो, भांडणं मिटवतो. आणि शेवटी दुष्काळ पडतो, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते.

डीएड करताना मी हे पुस्तक एक चांगली कादंबरी म्हणून वाचलं होतं. गेल्या काही वर्षांत पुन्हा वाचलं तेव्हा शेवटची पानं फार जवळची वाटली. आमच्याकडे दुष्काळ नाही, पण पट दरवर्षी उतरतो आहे. चाळी पुनर्विकासाला जातात. "दोन-तीन वर्षांत परत येऊ" म्हणून कुटुंबं नालासोपारा, विरार, डोंबिवली, बदलापूरला जातात. काही येतात, बरीच तिकडचीच होतात. हजेरीपटावरचं एकेक नाव कमी होताना बघणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको.

माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी अशीच नालासोपाऱ्याला गेली. तिची आई गिरगावात दोन घरी स्वयंपाकाला येते, म्हणून वर्षभर ती आईबरोबर ये-जा करत राहिली. मुंबई सेंट्रलला गाडी बदलायची, चर्नी रोडला उतरायचं. एका वेळचा सव्वा तास, पावसात त्याहून जास्त. वर्गात ती पेंगायची. अभ्यास पूर्ण नसायचा. तिला ओरडण्यात काही अर्थ नव्हता. मी तिला प्रकाश नारायण संत यांचं 'वनवास' दिलं.

चौथीच्या मुलीला हे पुस्तक जड आहे, मान्य. पण ते मी तिला एकटीने वाचायला दिलंच नव्हतं, आईसाठीही दिलं होतं. लंपन नावाचा मुलगा आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. बेळगावकडचा परिसर, मराठीत मिसळलेलं कानडी वळण, आणि एका मुलाच्या डोक्यात चाललेले असंख्य विचार. घर असूनही घरापासून दूर असणं म्हणजे काय हे त्या गोष्टींत आहे. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली की आई वाचायची, नाही मिळाली तर नाही. आईचं शिक्षण नववीपर्यंत. ती मला म्हणाली, "बाई, त्याची आजी बोलते ना, तशीच माझी आजी बोलायची. आम्ही चंदगडचे." चंदगड बेळगावच्या शेजारीच. म्हणजे मी मुलीसाठी दिलेल्या पुस्तकाचा पत्ता आईच्या माहेरचा निघाला. मे महिन्यात त्या माहेरी गेल्या तेव्हा पुस्तक बरोबर गेलं.

पालकहो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. "आम्हाला कुठे वाचता येतं नीट" असं म्हणून बरेच पालक मागे सरतात. अडखळत वाचलेलं मुलांना चालतं. त्यांना तुमचा आवाज हवा असतो.

त्याच मुलीला नंतर 'तोत्तोचान' दिलं. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचं पुस्तक 1981 मध्ये आलं, मराठीत ते नॅशनल बुक ट्रस्टने आणलं. एका शाळेतून काढून टाकलेली मुलगी टोकियोतल्या तोमोए नावाच्या शाळेत जाते, जिथे आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेतात. आमच्या मुलीचा प्रश्न होता, "बाई, त्यांच्या डब्यात गर्दी नसते का?" वर्गात हशा पिकला, पण प्रश्न बरोबर होता. टोकियोला काही आपण जाणार नाही. त्या दिवशी आम्ही बाकं डब्यासारखी समोरासमोर लावली आणि पुस्तक वाचलं. शिक्षकांनी मात्र हे पुस्तक दरवर्षी एकदा वाचावं, निदान मुख्याध्यापकांचा तो प्रसंग तरी. एका मुलाचं पूर्ण बोलणं आपण शेवटचं कधी ऐकलं, असं मनात येतंच.

आता प्रवासाची दोन पुस्तकं. साने गुरुजींची 'श्यामची आई' सगळ्यांना माहीत आहे, पण पालगड किती जणांनी पाहिलं आहे? दापोली तालुक्यातलं हे गुरुजींचं जन्मगाव. पुस्तक लिहिलं ते मात्र नाशिकच्या तुरुंगात, 1933 साली. कोकणात गावी जाणारी आपल्याकडची कितीतरी कुटुंबं त्या वाटेने जातात, थोडी वाकडी वाट करावी. पुस्तकाची रचनाच एकेका रात्रीची आहे, तेव्हा गावी अंथरुणं पडली की रोज एक रात्र वाचा. एका बैठकीत संपवायची घाई नको.

आणि सातवीच्या पुढच्या मुलांसाठी, मोठ्यांसाठीही, विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडायला, दक्षिणा मिळवायला 1857 मध्ये उत्तरेकडे निघतो आणि नेमका बंडाच्या धुमाळीत सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. इतिहासाच्या पुस्तकात जे सनावळीत असतं, ते इथे एका घाबरलेल्या, दमलेल्या, घरची आठवण काढणाऱ्या माणसाकडून ऐकायला मिळतं. पुस्तक छापून आलं 1907 मध्ये. पेणला गणपतीच्या मूर्ती बघायला जाता ना, तेव्हा मुलांना सांगा, याच भागातून एक माणूस पायी झाशीला पोचला होता.

शेवटी कामाच्या गोष्टी. पुस्तक विकत घेणं जमत नसेल तर वाचनालयाचं सभासदत्व घ्या. 1898 पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या शहरात आहे. वाचून झाल्यावर "तात्पर्य काय?" विचारू नका. "तिथे गेलास तर आधी काय बघशील?" असं विचारा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. आणि शिक्षकांनो, आपल्या शाळेच्या आसपासच्या नावांचा एक नकाशा मुलांकडून करून घ्या. आमच्या वर्गाचा वाड्यांचा नकाशा भिंतीवर आहे, प्रत्येक नावाशेजारी मुलांनी ते झाड काढलं आहे.

ती मुलगी यंदा जूनपासून नालासोपाऱ्याच्या शाळेत जाईल. चौथी झाली, आणि रोजची दगदग आता झेपत नाही, आईचा निर्णय योग्यच आहे. दाखला न्यायला आली तेव्हा तिने नकाशाची एक प्रत मागून घेतली. नवीन ठिकाणच्या गल्ल्यांची नावं विचारून ठेव, असं मी तिला सांगितलं आहे. सोपाऱ्याचा इतिहास तर मुंबईपेक्षा कितीतरी जुना. सम्राट अशोकाचा शिलालेख तिथे सापडला होता. तिच्या नव्या बाईंना वर्गात सांगायला भरपूर काही आहे.